मेन पार्टवरचं कुंकू

कोहळे आले. चामराजपेटच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ढीग लागला, शेजारी केळीचे खुंट, झेंडूचे हार, लिंबांची पोती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध बस अडकून हॉर्न वाजवत बसलेली. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, जवळ आली की हे बंगळूर शहर वेडं होतं. चाकं असलेली प्रत्येक वस्तू धुतली जाते, तिला हार पडतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, समोर कोहळा आपटला जातो आणि लोक हात झटकून घरी जातात. पुढचा आठवडाभर कुंकवानं लाल झालेला तो कोहळ्याचा लगदा रस्त्यावर पडून राहतो आणि स्कूटरवाले त्यावरून घसरत राहतात. मी दरवर्षी चिडतो. "आधी घट बसतात, मग ह्यांचं ओरडणं बसतं," असं माझी बायको विद्या शेजारणींना सांगते, आणि त्या हसतात.

यंदा मला कोहळ्यांचा राग आला नाही. ढिगाकडं पाहिलं आणि गेल्या वर्षीचे ते दोन महिने तोंडात कडू होऊन आले. पेट्रोलचा वास, कापराचा वास, आणि माझा स्वतःचा चढलेला आवाज. त्या आवाजाबद्दलच लिहायला बसलोय.

माझ्याकडं एक जपानी टर्बो गाडी आहे. दिसायला साधी चार दारांची, मागं तेवढा एक पंख. टर्बो म्हणजे फार काही गूढ नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते आणि ती जास्तीची हवा इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या खाली असेपर्यंत ही गाडी एखाद्या निवृत्त हेडमास्तरांची असावी तशी चालते. तीन हजारांवर गेली की चक्री जागी होते, एक बारीक शीळ ऐकू येते आणि कुणीतरी छातीवर हात ठेवून मागं ढकलल्यासारखं होतं. त्या एका ढकलण्यासाठी मी ही गाडी घेतली.

आणि ती कुठं घेतली, तर बंगळुरात! इथं तीन हजार बघायला मिळतात ते उड्डाणपुलावर, तेही पहाटे. एरवी पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. गाडी इतकी बुटकी की प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका ओलांडायचा, आणि तिरका ओलांडताना मागून सगळं शहर हॉर्न मारतं. रस्ता डांबरानं गुळगुळीत केला की पंधरा दिवसांत कुठलं तरी खातं तो खणून ठेवतं. खड्ड्यात गाडीचं पोट घासलं की मी त्या खात्याला मोठ्यानं शिव्या देतो. ह्या सगळ्यावर मी इतका ओरडलोय की काचा बंद असूनही शेजारचा रिक्षावाला "स्वल्प शांत, सार" म्हणून हात करतो.

ही गाडी मी आणि बसू अण्णानं मिळून उभी केली. बसू अण्णा म्हणजे यशवंतपूरच्या कारखान्यांच्या भागातला मेकॅनिक. चिक्कोडीकडचा, त्यामुळं मराठी आणि कानडी दोन्ही एकाच तोंडानं बोलणारा. गावाकडं उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करत शिकला आणि इथं येऊन टर्बो गाड्यांत असा रमला की शहरातले अर्धे हौशी लोक त्याच्याकडंच येत. दोन वर्षं माझे शनिवार त्याच्या शेडमध्ये गेले. मोठा सायलेन्सर बसवला, हवेचे पाइप बदलले, इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवे आकडे शिकवले. एखादा नट शेवटचा आवळताना तो डोळे मिटायचा. हाताला कळतं, डोळ्याला कळत नाही, म्हणायचा.

एक काम मात्र मी त्याला न विचारता घरी केलं होतं. कंपनीनं दिलेला हवेच्या फिल्टरचा काळा बंद डबा काढून टाकला आणि त्या जागी उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला. लालभडक. त्यानं शीळ मोठी ऐकू येते आणि बॉनेट उघडल्यावर लोक "वा" म्हणतात. त्या फिल्टरच्या कापडाला धूळ पकडायला तेलाचा हलका हात द्यायचा असतो. मी हौसेनं दुप्पट दिला. बसू अण्णानं ते पाहिलं आणि "चांगलं दिसतंय की," एवढंच म्हणाला. चांगलं चालतंय असं म्हणाला नाही, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

माझे वडील, अप्पा, एका सरकारी मशीन कारखान्यात सगळी नोकरी ग्राइंडिंग मशीनवर उभे राहिले. निपाणीहून एक कापडी पिशवी घेऊन आलेले, इथलेच झाले. आयुधपूजेला कारखान्यात बायकामुलांना आत सोडत. मला ते अजून आठवतं. रॉकेलनं धुतलेल्या फरशीचा वास, हार घातलेली मशीनं, प्रत्येक माणूस आपापल्या मशीनशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून लग्नातल्यासारखा उभा. अप्पा मला उचलून घेत आणि फिरत्या दांड्याकडं बोट करत. "हा मेन पार्ट. ह्याला कुंकू लावायचं. बाकी सगळं ह्याच्या जिवावर." मग कागदाच्या पुडीत चुरमुरे आणि फुटाणे मिळत. मशीनला नुसतं वरवर कुंकू लावणाऱ्या लोकांना अप्पा कामचुकार समजत. पूजा करायची तर मशीन ओळखून करायची, हा त्यांचा धर्म.

गेल्या वर्षी आयुधपूजेच्या सकाळी ते ताट घेऊन खाली आले. मी बॉनेट उघडून बसलो होतो. इंदिरानगरला आमच्या गाडीवाल्या ग्रुपची मंडळी कॉफीला जमणार होती आणि मला उशीर झाला होता.

"ह्यात मेन पार्ट कुठला रे?" अप्पांनी विचारलं.

आता टर्बो गाडीत मेन पार्ट कुठला हे ऐंशीच्या माणसाला कसं सांगायचं? सांगता आलं असतं. दोन मिनिटं लागली असती. मला ती दोन मिनिटं जड झाली. मी लाल फिल्टरकडं बोट केलं.

"हा. आटपा लवकर."

"हा होय?" ते खूश झाले. "रंगसुद्धा कुंकवाचाच आहे की." त्यांनी वाकून मन लावून कुंकू लावलं, अंगारा फुंकला, कापूर ओवाळला. मी किल्ली फिरवली, लिंबं चिरडली आणि निघालो.

त्या आठवड्यात गाडी बिघडली. तीन हजारांवर जायची, शीळ सुरू व्हायची आणि मग कुणी मानगूट धरून मागं ओढावं तसे धक्के. समोर पिवळा दिवा. शनिवारी बसू अण्णाकडं नेली. त्यानं फिल्टरमागचा पाइप सोडवला, हवा मोजणारा सेन्सर बाहेर काढला. बोटभर लांबीचा तो तुकडा, त्यात केसाएवढी तार. त्याची पाठ माझ्याकडं होती. त्यानं तार फवारा मारून साफ केली, बोट फडक्याला पुसलं, फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"घाण बसलीय, सर. हा लाल फिल्टर काढा. जुना डबा परत बसवा."

"तो काढायचा नाही," मी म्हणालो. "दुसरं काय असेल ते बघा."

गाडी ठीक झाली. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी परत धक्के. शनिवारी परत यशवंतपूर, परत फवारा, परत "जुना डबा बसवा". पुढच्या शुक्रवारी परत. हे असं पाच-सहा आठवडे चाललं. मी प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पेट्रोलचा पंप तपासला, साबणाचं पाणी लावून प्रत्येक पाइपवर बुडबुडे शोधत बसलो. एका जागी मात्र हात लावला नाही, कारण ती जागा मी स्वतः जुळवली होती. माझ्या हातून झालेलं काम चुकीचं असेल हा विचार माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हता. मी घरी चिडचिड करत होतो. विद्या जेवायला वाढून निघून जायची. ऑफिसात मीटिंगमध्ये कुणी "छोटासा इश्यू आहे" म्हणालं तरी माझं डोकं सटकायचं. अप्पा कधीतरी हळूच विचारायचे, "बरी झाली काय रे गाडी?" आणि मी उत्तर द्यायचो नाही.

आणि मग मी हिशेब लावला. शनिवारी बरी, शुक्रवारी आजारी. म्हणजे हा माणूसच काहीतरी करून ठेवतोय. गिऱ्हाईक परत यावं म्हणून! एवढा सुशिक्षित इंजिनिअर मी, आणि मला सुचलं ते हे.

कार्तिकातल्या एका शनिवारी मी त्याच्या शेडमध्ये उभा राहून ओरडलो. दोन गिऱ्हाइकं होती, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले लोक बाहेर आले. "तुला टर्बो कळत नाही, बसू. तू ट्रॅक्टरच दुरुस्त करायचा. लोकांच्या गाड्यांची वाट कशाला लावतोस?" असं आणि ह्याहून वाईट. अण्णा म्हणायचं सोडून मी त्याला त्या दिवशी एकेरीत नुसतं नावानं हाणलं, हे मला चांगलं आठवतं. त्याच्या हातात पाना होता. त्यानं तो जागेवर ठेवला.

"सरी, सर," तो म्हणाला. ठीक आहे, सर. बस्स.

माझं तेवढ्यानं भागलं नाही. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, त्याच्या नावासकट. गाडी मुद्दाम अर्धवट ठेवतो, सांभाळून राहा. काय आनंद झाला लोकांना! ज्यांच्या गाड्या त्यानं जिवंत केल्या होत्या त्यांनासुद्धा आपापले जुने संशय आठवले. कुणाला ब्रेकचा आवाज आठवला, कुणाला तेलाचा थेंब. तासाभरात मी शहाणा आणि धाडसी ठरलो. खाली पडलेल्या त्या लाइकच्या अंगठ्यांची मला इतकी चीड येते आता. त्यातला एकही माणूस मला "तुझी खात्री आहे का?" असं विचारता झाला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी घरूनच काम करत होतो. सकाळी गॅलरीत आलो आणि खाली पाहिलं. बॉनेट उघडं. अप्पा सोवळ्यात, हातात ताट. वाकून त्या लाल फिल्टरवर कुंकू लावत होते. चिमूट चिमूट, सगळीकडून, सावकाश. मग अंगारा फुंकला. मग हात जोडून ओठ हलवत उभे राहिले.

मी तीन जिने उतरलो ते ओरडतच. "अप्पा! काय चाललंय हे? अक्कल आहे का? जन्मभर मशीनवर उभे राहिलात ना तुम्ही?" गल्लीतल्या बायका थांबल्या. मी सेन्सर उपटून काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. तारेवर तेलाचा थर आणि त्या तेलात बसलेलं लाल कुंकू. तार आंधळी झाली होती. तिला हवा नीट मोजता येत नव्हती, म्हणून इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. दर शुक्रवारी.

अप्पा एक पाऊल मागं सरकले. ताटातली हळद पालथी झाली होती.

"तूच दाखवलास की, हा मेन पार्ट म्हणून," ते म्हणाले. "गाडी बिघडल्यापासनं तू सारखा चिडायलास. म्हटलं, ही बरी झाली तर तू बरा होशील. म्हणून दर शुक्रवारी…"

मी तरीही ओरडलो. हे लिहायला लाज वाटते, पण ते ऐकल्यावरही मी दोन वाक्यं आणखी ओरडलो. मग ते वर गेले. जिन्यात दोनदा थांबले.

तासाभरात मी यशवंतपूरला होतो. बसू अण्णा एका टेम्पोखाली होता. बाहेर आला, सेन्सर हातात घेऊन पाहिला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. कापराचा वास येत होता की. तुम्ही काय कुंकू लावणारे नव्हे. म्हणजे अप्पा."

"मग सांगितलं का नाही?"

त्यानं हात पुसले. "तुमचा राग मी बघितलोय, सर. म्हातारा माणूस. तुम्ही घरी जाऊन ओरडला असता. म्हणून म्हणत होतो, डबा बसवा. डबा असला की वरनं कितीबी कुंकू लावू द्या, आत जात नाही."

मी आत्ताच ओरडून आलोय, हे मी त्याला सांगितलं नाही. "चुकलो, अण्णा," एवढं मात्र म्हणालो. तो म्हणाला, "असू दे. गरम डोक्यात माणूस बोलतो." त्यानं जुना डबा मागच्या फळीवरून काढला. मी त्याच्या भंगारात टाकून दिलेला, त्यानं पुसून जपून ठेवला होता. दहा मिनिटांत बसवला. गाडी बरी झाली. शीळ थोडी कमी ऐकू येते, एवढंच.

ग्रुपवर मी काय लिहिलं? "प्रॉब्लेम सापडला. सेन्सर घाण होता." त्याचं नाव नाही, माझं नाव नाही, कुणाची चूक ते नाही. परत अंगठे आले. बसू अण्णा त्या ग्रुपवर नव्हता. त्याच्याबद्दल काय लिहिलं गेलं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पोचलं ते इतकंच, की गाड्या यायच्या थांबल्या. मला ते माहीत होतं. लोकांनी मला विचारून दुसरीकडं गाड्या नेल्या होत्या. मी वर्षभर गप्प राहिलो. रस्त्यावर, सिग्नलवर, पाणीवाल्यावर, सगळ्या जगावर ओरडणारा मी, जिथं तोंड उघडायला हवं होतं तिथं बरोबर गप्प बसलो. आणि अप्पांनी त्या शुक्रवारनंतर गाडीला हात लावला नाही. पुढच्या सीटवर बसतानासुद्धा दार मी उघडेपर्यंत थांबतात.

यंदा कोहळे आले आणि मला ते सहन होईना. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. कुंकू, दुप्पट तेल, माझा हट्ट, बसू अण्णाचं नाव, माझा खोटेपणा. उत्तरं आली. चार हसरे चेहरे. एकानं लिंबू-मिरचीचं चित्र टाकलं. एकानं विचारलं, "मग हल्ली ट्यूनिंग कुणाकडं करतोस?" माफी मागावी असं वाटलेला एकही नाही. फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पण त्यांना हे शिकवलं कुणी, मीच ना.

पूजेच्या सकाळी अप्पांना म्हणालो, "बसू अण्णाकडं येता काय?" त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

शेड धुतलेली होती. केळीच्या पानावर नट आवळायचे पाने मापानुसार मांडलेले, जॅकला हार, कंप्रेसरला हार. पूर्वी ह्या दिवशी दारात पाच-सहा टर्बो गाड्या ओळीनं उभ्या असत, इंजिनं गुरगुरत. यंदा तीन डिलिव्हरीच्या स्कूटर आणि एक भाजीचा टेम्पो. आणि माझी गाडी.

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काय लिहिलं, कुणी वाचलं, गाड्या का थांबल्या. तो ओरडेल, पाना फेकेल, शिव्या देईल अशी माझी तयारी होती. मला ते हवंच होतं, खरं सांगतो. अप्पाही पहिल्यांदाच ऐकत होते. कारखान्यात रिजेक्ट झालेल्या तुकड्याकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघत होते.

"कधी लिहिलात?" बसू अण्णानं विचारलं.

"गेल्या कार्तिकात."

"असं होय." तो आपल्या तळहाताकडं पाहत राहिला. "मी म्हटलं, माझ्या हाताचाच गुण गेला. वय झालं, काम बिघडायलंय, म्हणून लोक येईनात. डोळे तपासून आलो, सर, दोनदा. वर्षभर रोज नट आवळून परत सोडून बघायलोय, बरोबर बसला काय म्हणून."

  एवढ्यावरही तो ओरडला नाही. असा राग आला मला त्याच्या शांतपणाचा, आणि त्या रागाला टेकायला कुठं जागा नव्हती.

मग त्यानं ताट उचललं. पान्यांना कुंकू लावलं, जॅकला लावलं, स्कूटरना लावलं, टेम्पोला लावलं. जमलेल्या सगळ्यांना चुरमुरे-फुटाणे वाटले. मलाही ओंजळभर दिले, माझ्या तोंडाकडं न बघता. दारात आलेल्याला ह्या दिवशी कुणी रिकामं पाठवत नाही. माझी गाडी तेवढी राहिली होती. मी ओंजळ सांभाळत उभा राहिलो.

त्यानं बॉनेट उघडलं. "अप्पा, या," तो म्हणाला. "गाडीची काय चूक? ह्या काळ्या डब्यावर लावा. आत काही जात नाही आता."

अप्पांनी शर्टच्या खिशातून स्वतःची डबी काढली. घरून आणली होती, मला न सांगता. झाकण उघडलं, बोट कुंकवात बुडवलं, डब्यापर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं. मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी ओरडतो की काय, ते बघत होते. बसू अण्णाही बघत होता.